लोह (आहारातील खनिज)

लोह हे मानवी आहारातील एक आवश्यक खनिज आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, पोटॅशियम यांसारखी खनिजे शरीरास मोठ्या प्रमाणात लागतात. लोह, जस्त, तांबे, आयोडीन यांची गरज मात्र अत्यल्प असते. म्हणून लोहाची गणना सूक्ष्म खनिजांत होते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. एवढ्या लहान साठ्यावर रक्तातील प्राणवायूचे वहन, पेशींतील ऊर्जानिर्मिती आणि नव्या पेशींची वाढ अवलंबून असते.

इतर बहुतेक खनिजांपेक्षा लोह एका बाबतीत वेगळे आहे. सोडियम किंवा पोटॅशियम अधिक झाल्यास मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. लोह बाहेर टाकणारी नियंत्रित यंत्रणा शरीरात नाही. त्यामुळे लोहाचा समतोल केवळ आतड्यातून किती लोह आत घ्यायचे यावरच राखला जातो. ताटात किती लोह आहे आणि त्यांतील किती रक्तात पोहोचते हे दोन आकडे म्हणूनच फार वेगळे असतात. लोहाविषयीचे बरेचसे लोकप्रिय गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

शरीरातील वाटणी आणि कार्य

शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश लोह तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन या प्रथिनात असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत हीम नावाचे चार गट असतात आणि प्रत्येक हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. फुप्फुसात प्राणवायू या अणूला सैलपणे जोडला जातो आणि ऊतींमध्ये पोहोचल्यावर सुटतो. स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन हेच काम स्थानिक पातळीवर करते. पेशींतील तंतुकणिकांमध्ये ऊर्जा निर्माण करणारी अनेक प्रथिने, डीएनए तयार करण्यास लागणारी काही विकरे, तसेच मेंदूतील डोपामिनसारख्या संदेशवाहक रसायनांच्या निर्मितीत भाग घेणारी विकरे यांनाही लोह लागते. लोहाची कमतरता केवळ रक्तापुरती मर्यादित राहत नाही, याचे कारण हेच आहे.

उरलेले लोह बहुतांशी यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत फेरिटिन या प्रथिनाच्या रूपात साठवलेले असते. फेरिटिन म्हणजे २४ उपघटकांचा एक पोकळ गोल असून त्यात लोहाचे सुमारे ४,५०० अणू मावू शकतात. पुरुषांमध्ये हा राखीव साठा साधारणतः १ ग्रॅमच्या आसपास असतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये तो ३०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि भारतातील अनेक स्त्रियांमध्ये तो जवळजवळ नसतोच.

लोह मोकळे ठेवणे शरीरास परवडत नाही. सुटे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अतिक्रियाशील मूलके निर्माण करते. ती पेशीपटल, प्रथिने आणि डीएनए यांची हानी करतात. शिवाय बहुतेक रोगजंतूंनाही वाढीसाठी लोह हवे असते. त्यामुळे शरीरातील जवळजवळ प्रत्येक लोहाणू कोणत्या ना कोणत्या प्रथिनाच्या ताब्यात असतो. रक्तद्रवात हे काम ट्रान्सफेरिन हे वाहक प्रथिन करते. कोणत्याही क्षणी ट्रान्सफेरिनवर अवघे ३ ते ४ मिलिग्रॅम लोह असते, पण ते दिवसातून अनेक वेळा बदलले जाते.

लोहाचा पुनर्वापर

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला अंदाजे २० लाख पेशी मोडतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. नव्या पेशींसाठी दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. यांतील जवळजवळ सर्व लोह जुन्या पेशींतूनच परत मिळते. प्लीहा आणि यकृतातील महाभक्षी पेशी जीर्ण रक्तपेशींना गिळतात, हीम फोडून लोह वेगळे करतात आणि ते पुन्हा ट्रान्सफेरिनच्या स्वाधीन करतात.

त्वचा आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी गळून पडतात, घाम येतो. या मार्गाने दररोज साधारण १ मिलिग्रॅम लोह नकळत जाते. तेवढेच लोह अन्नातून मिळाले, तर प्रौढ पुरुषाचा हिशोब जुळतो. स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीमुळे ही घट सरासरीने सुमारे दीडपटीपासून दुपटीपर्यंत जाते. १ मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असल्याने रक्तस्राव हा लोह गमावण्याचा सर्वांत वेगवान मार्ग ठरतो.

संशोधनाचा इतिहास

फिकटपणा आणि अशक्तपणा यांवर लोह देण्याची प्रथा रक्तात लोह असते हे कळण्यापूर्वीची आहे. आयुर्वेदात पांडुरोगावर लोह आणि मंडूर यांचे कल्प सांगितलेले आहेत. युरोपात अठराव्या शतकात रक्त जाळून उरलेल्या राखेतील कण लोहचुंबकाने ओढले जातात हे दाखवण्यात आले. फ्रेंच वैद्य पिएर ब्लो यांनी १८३२ मध्ये फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या तरुण मुलींमधील पांडुरतेवर यशस्वीपणे वापरल्या. आजही सर्वाधिक वापरली जाणारी लोहाची गोळी फेरस क्षारांचीच आहे.

शरीर अतिरिक्त लोह बाहेर टाकत नाही, त्याचा तोल शोषणाच्या टप्प्यावरच राखला जातो, ही कल्पना इंग्लंडमधील रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३७ मध्ये मांडली. त्याच वर्षी चेक शास्त्रज्ञ विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून फेरिटिन वेगळे केले. आतड्याच्या पेशीला हा निर्णय कोण कळवते, हे मात्र पुढे सहा दशकांहून अधिक काळ कोडेच राहिले.

आतड्यातील शोषण

लोहाचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे आद्यांत्रात आणि त्यालगतच्या भागात होते. आहारातील लोह दोन प्रकारचे असते. मांस, मासे, यकृत यांतील हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिनमधून हीम-लोह मिळते. धान्ये, कडधान्ये, भाज्या, गूळ, अंडी यांतील लोह हीमविरहित असते. मांसातील लोहही पूर्णतः हीम-रूपात नसते. त्याचा मोठा भाग हीमविरहित असतो. हीम-लोह साधारण १५ ते ३५ टक्के शोषले जाते. हीमविरहित लोहाचे शोषण २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते. ते शरीरातील साठा आणि जेवणातील इतर पदार्थ यांवर ठरते.

हीमविरहित लोह अन्नात प्रामुख्याने फेरिक स्वरूपात असते. जठरातील आम्ल ते विरघळलेल्या अवस्थेत ठेवते. आद्यांत्रात आम्लता कमी होताच फेरिक लोह अविद्राव्य होऊ लागते आणि त्यापूर्वी ते पकडले गेले नाही, तर विष्ठेवाटे निघून जाते. आतड्याच्या अस्तर-पेशींच्या पृष्ठभागावरील एक विकर फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर करते. त्यानंतर डीएमटी-१ या नावाने ओळखले जाणारे वाहक प्रथिन फेरस लोह पेशीच्या आत नेते. हे प्रथिन १९९७ मध्ये ओळखले गेले. हीम-लोहाचा मार्ग वेगळा आहे: हीमचा संपूर्ण गटच पेशीत शिरतो आणि आत गेल्यावर फोडला जातो. अन्नातील इतर पदार्थांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, ते यामुळेच.

पेशीत शिरले म्हणजे लोह शरीरात आले, असे नाही. तेथून पुढे दोन शक्यता असतात. गरज असल्यास पेशीच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या फेरोपोर्टिन या प्रथिनातून लोह रक्ताकडे जाते; जाताना त्याचे पुन्हा फेरिक लोहात रूपांतर होते आणि ट्रान्सफेरिन ते उचलून घेते. गरज नसल्यास ते पेशीतच फेरिटिनमध्ये अडकून राहते. आतड्याच्या अस्तर-पेशींचे आयुष्य ३ ते ५ दिवसांचे असते. पेशी गळून पडते तेव्हा तिच्यातील लोहही तिच्यासोबत निघून जाते. फेरोपोर्टिन हे पेशीतून लोह बाहेर सोडणारे माणसातील एकमेव ज्ञात प्रथिन आहे. महाभक्षी पेशी आणि यकृतपेशीही आपले लोह त्यातूनच सोडतात.

हेप्सिडिन

फेरोपोर्टिनवर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक म्हणजे हेप्सिडिन. ते यकृतात तयार होते आणि त्यात केवळ २५ अमिनो आम्ले असतात. २००० च्या सुमारास ते सापडले तेव्हा ते जंतुनाशक प्रथिन समजले गेले होते. त्याचे खरे महत्त्व २००१ मध्ये फ्रान्समधील एका प्रयोगात जवळजवळ योगायोगाने लक्षात आले. साखरेच्या चयापचयाशी संबंधित एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या यकृतात लोहाचे थर साचलेले दिसले. तपासाअंती असे आढळले की त्या उंदरांमध्ये शेजारचे हेप्सिडिनचे जनुकही निष्क्रिय झाले होते.

शरीरातील लोहाचा साठा वाढला की यकृत अधिक हेप्सिडिन स्रवते. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला चिकटते आणि ते प्रथिन पेशी आत ओढून नष्ट करते. परिणामी आतड्यातून लोह रक्तात येणे थांबते आणि महाभक्षी पेशीही आपले लोह धरून ठेवतात. साठा घटल्यास, रक्तस्राव झाल्यास किंवा अस्थिमज्जेला अधिक लोह हवे असल्यास हेप्सिडिन कमी होते आणि मार्ग खुला होतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शोषण वाढते, ते यामुळेच.

संसर्ग आणि दाह यांमध्येही हेप्सिडिन वाढते. जंतूंना लोह मिळू नये यासाठीची ही संरक्षक प्रतिक्रिया मानली जाते. दाह दीर्घकाळ टिकला, उदाहरणार्थ क्षयरोग, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा जुनाट आजार असल्यास, शरीरात साठा असूनही अस्थिमज्जेला लोह मिळत नाही आणि रक्तक्षय होतो. अशा रुग्णाला केवळ लोहाच्या गोळ्या देऊन विशेष उपयोग होत नाही. मूळ आजारावर उपचार करावे लागतात.

आहारातील साहाय्यक व विरोधक घटक

महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांच्या आहारात लोह धान्ये, डाळी आणि पालेभाज्या यांतूनच येते. बाजरी, ज्वारी, गहू यांत लोह चांगल्या प्रमाणात असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम, तर ज्वारी आणि गव्हात ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते १ मिलिग्रॅमहूनही कमी असते. आकड्यांवरून पाहता भाकरी-आमटी-भाजी खाणाऱ्या माणसाला लोह कमी पडू नये. प्रत्यक्षात ते पडते.

याचे प्रमुख कारण फायटेट हे आहे. बियांमध्ये फॉस्फरस साठवण्यासाठी वनस्पती फायटिक आम्ल तयार करतात. ते धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत भरपूर असते आणि आतड्यात लोहाला व जस्तालाही घट्ट बांधून ठेवते. म्हणजे ज्या कोंड्यात लोह आहे, त्यातच लोह अडवणारा पदार्थही आहे. मात्र धान्य भिजवले, त्याला मोड आणले किंवा ते आंबवले, तर बियांतील आणि सूक्ष्मजीवांतील विकरे फायटेटचे विघटन करतात. मोड आलेली मटकी, आंबोळी, इडली, मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व हे पदार्थ या दृष्टीने कोरड्या पिठाच्या पदार्थांपेक्षा सरस ठरतात. नाचणीबाबत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: तिचे नाव कॅल्शियमसाठी योग्यच घेतले जाते, परंतु तिच्या तपकिरी सालीतील पॉलिफिनॉल लोहाच्या शोषणात अडथळा आणतात.

पॉलिफिनॉलचा सर्वांत परिचित स्रोत चहा हा आहे. जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हीमविरहित लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी करू शकतो. कॉफीचा परिणामही याच दिशेने होतो. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवल्यास हा परिणाम बराच टळतो. सकाळी चहाबरोबर चपाती किंवा पोहे खाण्याची सवय या दृष्टीने प्रतिकूल आहे. कॅल्शियमही एकाच वेळच्या जेवणात दोन्ही प्रकारच्या लोहाचे शोषण घटवते, त्यामुळे लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये असे सांगितले जाते. रोजच्या मिश्र आहारात कॅल्शियमचा दूरगामी परिणाम मात्र अल्प असल्याचे आढळले आहे.

साहाय्यक घटकांत क जीवनसत्त्व प्रथम येते. ते फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर घडवते आणि लोहाशी विद्राव्य संयुग तयार करून त्याला फायटेटच्या तावडीतून सोडवते. यासाठी ते त्याच जेवणात असावे लागते. सकाळी खाल्लेल्या पेरूचा रात्रीच्या भाकरीला उपयोग होत नाही. वरणभातावर किंवा पोह्यांवर लिंबू पिळण्याची, पानात कोशिंबीर वाढण्याची रीत म्हणूनच उपयुक्त आहे. लिंबू गॅसवरून उतरवल्यावर पिळणे चांगले, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. मांस आणि मासे यांमुळेही त्याच जेवणातील भाकरी-भाताच्या लोहाचे शोषण वाढते.

पालकाविषयी दोन समज एकाच वेळी प्रचलित आहेत. पहिला, पालकात लोह विलक्षण असते हा. कच्च्या पालकात ते १०० ग्रॅमला सुमारे ३ मिलिग्रॅम असते आणि त्याचे शोषणही कमी होते. दुसरा समज असा की पहिला समज एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे पसरला. ही कथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय लेखनातून रूढ झाली, पण तिला मूळ कागदपत्रांचा आधार सापडत नाही.

अळीव आणि पोहे यांची कथाही काहीशी अशीच आहे. बाळंतिणीला दिल्या जाणाऱ्या अळिवाच्या बियांत जुन्या भारतीय तक्त्यांनुसार १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम, तर पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दाखवले जात असे. २०१७ च्या तक्त्यांत हे दोन्ही आकडे कितीतरी खाली आले. धूळ, माती, कांडण-यंत्रांचे लोखंडी भाग यांतून अन्नात मिसळणारे लोह मोजणीत वाढ दाखवते. मातीतले लोह तर फारसे शोषलेच जात नाही. अळिवाचे लाडू पौष्टिक आहेत, परंतु केवळ त्यांच्या भरवशावर रक्तक्षयाचा उपचार लांबणीवर टाकणे योग्य नव्हे.

लोखंडी कढई किंवा तव्यातून अन्नात उतरणारे लोह मात्र उपयोगी पडू शकते. पदार्थ जितका पातळ, आंबट आणि अधिक वेळ शिजणारा, तितके अधिक लोह त्यात उतरते. चिंच घातलेली आमटी आणि तव्यावर क्षणभर टेकलेली भाकरी यांत या बाबतीत बराच फरक पडतो. स्टेनलेस स्टील आणि नॉन-स्टिक भांड्यांतून असा लाभ मिळत नाही.

दैनंदिन गरज

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषास दररोज १९ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. अमेरिकेत हेच आकडे ८ आणि १८ मिलिग्रॅम आहेत. भारतीयांच्या शरीराला दुप्पट लोह लागते असा याचा अर्थ नाही. अमेरिकी आकडा आहारातील १८ टक्के लोह शोषले जाते असे गृहीत धरून काढलेला आहे. धान्यप्रधान भारतीय आहारासाठी हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी धरावे लागते.

गरोदरपणात एकूण सुमारे १,००० मिलिग्रॅम अतिरिक्त लोह लागते. त्यांतील सुमारे ३०० मिलिग्रॅम गर्भ आणि वार यांसाठी, तर सुमारे ५०० मिलिग्रॅम मातेच्या वाढलेल्या रक्तासाठी असते. राखीव साठा नसलेल्या स्त्रीला हे केवळ आहारातून भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. पूर्ण दिवसांचे बाळ साधारण सहा महिने पुरेल इतके लोह घेऊन जन्मते. आईच्या दुधात लोह थोडेच असते, परंतु त्याचे शोषण चांगले होते. प्रसूतीनंतर नाळ बांधण्यास एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतील रक्त बाळाकडे जाते आणि त्याचा साठा वाढतो. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न वेळेवर सुरू न केल्यास किंवा मूल केवळ गाईम्हशीच्या दुधावर राहिल्यास कमतरता लवकर उद्भवते. मेंदूच्या वाढीचा हाच काळ असतो आणि या वयात झालेली हानी पुढे लोह देऊनही पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

कमतरता

लोह कमी पडू लागले की प्रथम राखीव साठा संपतो, मग रक्तपेशींच्या निर्मितीस लोह अपुरे पडते आणि सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन घटते. म्हणजे रक्तक्षय दिसतो तेव्हा कमतरता बरीच जुनी झालेली असते. थकवा, धाप, फिकटपणा, केस गळणे, चमच्यासारखी खोलगट नखे ही लक्षणे आढळतात. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर इच्छा हेही एक लक्षण आहे. गरोदर स्त्रियांमध्ये ते डोहाळे म्हणून दुर्लक्षित राहते. त्यातही माती खाल्ल्याने उपलब्ध लोह आणखी बांधले जाते.

कारणांमध्ये अपुरा आहार, मासिक पाळीतील अतिस्राव, लागोपाठची बाळंतपणे आणि अंकुशकृमींचा प्रादुर्भाव प्रमुख आहेत. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. अनवाणी चालताना त्यांच्या अळ्या त्वचेतून शिरतात. सीलिॲक रोग, जठरावरील शस्त्रक्रिया, आम्लता कमी करणाऱ्या औषधांचा दीर्घ वापर यांमुळे शोषण घटते. प्रौढ पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता आढळल्यास पचनमार्गातील रक्तस्रावाचा, प्रसंगी कर्करोगाचाही, शोध घेणे आवश्यक असते. केवळ गोळ्या देऊन थांबणे धोक्याचे ठरू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १२ ग्रॅमहून, गरोदर स्त्रीचे ११ ग्रॅमहून आणि पुरुषाचे १३ ग्रॅमहून कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. लोहाचा साठा रक्तातील फेरिटिनवरून कळतो, मात्र दाह असताना फेरिटिन आपोआप वाढत असल्याने ते फसवे ठरू शकते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. याचा एक महत्त्वाचा धडा मुंबईत मिळाला. ब्रिटिश वैद्य ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून काही वर्षे मुंबईत गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्यांत गिरणी कामगार स्त्रियांचा समावेश होता. हा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपयुक्त घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. लोहाच्या सरकारी गोळीत आज फॉलिक आम्लही असते. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, थॅलसेमिया आणि सिकलसेल ही रक्तक्षयाची आणखी काही कारणे होत. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत लक्षणीय प्रमाणात आहेत. त्यांचे हिमोग्लोबिन कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही.

भारतातील स्थिती आणि उपाययोजना

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के होते. आधीच्या सर्वेक्षणाच्या तुलनेत दोन्ही आकडे वाढले. या आकड्यांवर मतभेद आहेत, कारण या सर्वेक्षणात बोटाला टोचून काढलेले रक्त तपासले जाते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर आधारित सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १ ते ४ वर्षे वयाच्या ४१ टक्के बालकांना आणि १० ते १९ वर्षांच्या २८ टक्के मुलामुलींना रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता अनुक्रमे ३२ आणि २२ टक्क्यांमध्ये होती. ही संख्याही लहान नाही, मात्र सर्व रक्तक्षयाचे मूळ लोहात नाही हे त्यातून स्पष्ट होते.

भारताने १९७० मध्येच गरोदर स्त्रिया आणि बालकांना लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २०१८ पासून तो ॲनिमियामुक्त भारत या नावाने राबवला जातो. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी, तर गरोदर स्त्रियांना १८० दिवस रोज लाल गोळी दिली जाते. दोन्हींत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्याबरोबर वर्षातून दोनदा जंतनाशक औषध दिले जाते. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून लोहयुक्त पोषक तांदूळही पुरवला गेला. मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळी विष्ठा यांमुळे अनेक जणी गोळ्या मध्येच सोडतात. विष्ठेचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असून तो निरुपद्रवी आहे, एवढे आधी सांगितले तरी काही प्रमाणात भीती कमी होते.

गोळी कधी आणि किती घ्यावी, यावर हेप्सिडिनच्या शोधामुळे नवा प्रकाश पडला. झुरिक येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांनी ६० मिलिग्रॅम किंवा अधिक लोह घेतल्यावर हेप्सिडिन सुमारे २४ तास वाढलेले राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोहाचे शोषण घटते. त्यामुळे सौम्य कमतरतेत दिवसाआड गोळी देण्याची पद्धत अनेक तज्ज्ञ सुचवतात. गरोदरपणात आणि तीव्र रक्तक्षयात मात्र वैद्यकीय सल्ल्यानुसार रोजची मात्रा किंवा शिरेतून लोह द्यावे लागते. हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या जातात; अन्यथा राखीव साठा रिकामाच राहतो आणि काही महिन्यांत रक्तक्षय परततो.

अतिरेक आणि विषबाधा

लोह सरसकट देणे सर्वत्र निर्धोक नाही. टांझानियातील पेंबा बेटावर मलेरियाचा प्रादुर्भाव मोठा आहे. तेथील लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक आम्ल देण्याच्या चाचणीत गंभीर आजार आणि मृत्यू वाढल्याचे दिसल्याने ते थांबवावे लागले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर मलेरियाग्रस्त प्रदेशांत लोहासोबत मलेरियाचा प्रतिबंध आणि उपचार यांची सोय असावी असे धोरण आखले गेले.

आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस या विकारात हेप्सिडिन अपुरे असते. त्यामुळे गरज नसतानाही लोह शोषले जाते आणि अनेक वर्षांत यकृत, हृदय व स्वादुपिंड यांत साचते. हा विकार मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो आणि त्यावर ठरावीक काळाने रक्त काढून टाकणे हाच उपचार केला जातो.

भारतात अतिरेकाचा प्रश्न प्रामुख्याने थॅलसेमियाच्या रुग्णांचा आहे. त्यांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. निरोगी माणूस अन्नातून जे लोह मिळवण्यास सहा महिने घेतो, ते येथे एका दिवसात येते आणि बाहेर जाण्यास वाट नसते. हृदयात साचलेले लोह या मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण होते. लोहाशी बांधले जाऊन ते मूत्र वा विष्ठेवाटे बाहेर नेणाऱ्या डेफेरॉक्सामिन, डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स या औषधांनी त्यांचे आयुष्य वाढवले आहे. यांपैकी तोंडाने घेण्याच्या डेफेरिप्रोनला जगात प्रथम मान्यता १९९० च्या दशकात भारतात मिळाली.

तीव्र विषबाधा बहुधा घरातील लहान मुलांना होते. आईसाठी आणलेल्या रंगीत गोळ्या मूल गोड समजून खाते. एकाच वेळी अनेक गोळ्या गेल्यास उलट्या, रक्तस्राव आणि यकृताची हानी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. उलट्यांनंतर काही तास मूल बरे वाटू लागते, परंतु ही सुधारणा फसवी असू शकते. त्यामुळे गोळ्या खाल्ल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता मुलास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते आणि गोळ्यांची पाकिटे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवावी लागतात.